शस्त्रहतांची चतुर्दशी

भाद्रपदाचा वद्य पक्ष जवळ आला म्हणजे घराघरांतील वडील मंडळी पंचांग उघडून आपापल्या पितरांच्या तिथी पाहूं लागतात. कोणाचे वडील पंचमीचे, कोणाचे आजोबा दशमीचे. सुवासिनीपणीं गेलेल्या माउलींची अविधवा नवमी. आणि ज्यांची तिथि कोणासच ठाऊक नाहीं अशा सर्वांची मिळून शेवटीं सर्वपित्री अमावास्या. या पंधरवड्यांत एक तिथि मात्र अशी आहे कीं, तिच्याकडे आपल्या बहुतेक घरांत कोणाचें लक्ष जात नाहीं. ती चतुर्दशी होय. पंचांगांत तिच्यापुढें ‘शस्त्रादिहतांचें श्राद्ध’ एवढेच शब्द असतात. ज्यांस शस्त्रानें किंवा तशाच कांहीं अपघातानें मरण आलें, त्यांचें या पक्षांतील श्राद्ध, त्यांची मृत्युतिथि कोणतीहि असली तरी, या दिवशीं करावें. आणि अंथरुणावर शांतपणें देह ठेविलेल्याची तिथि चतुर्दशी असली तरी त्याचें श्राद्ध या दिवशीं न करितां अमावास्येस करावें, असा आपल्या धर्मशास्त्राचा निर्णय आहे. रणांत पडलेल्यांसाठीं पूर्वजांनीं वर्षांतला एक दिवस असा राखून ठेविला. आपल्या घरचें कोणी लढाईंत पडलेलें नाहीं, तेव्हां ही तिथि आपली नव्हे, अशी आपण सर्वांनीं समजूत करून घेतली आहे. ती समजूत कितपत बरोबर आहे याचा विचार या महिन्यांत वाचकांबरोबर करावा, असें आम्हांस वाटतें.

श्राद्धविधींतील एका गोष्टीकडे प्रथम लक्ष वेधावयाचें आहे. तर्पणाचें पाणी सोडतांना नातें, नांव आणि गोत्र या तिहींचा उच्चार करावा लागतो. ‘आमच्या कुळांतील मृत पुरुष, एकंदर सतरा’ असें म्हणून पाणी सोडण्याची सोय आपल्या शास्त्रांत नाहीं. गोत्र आठवत नसेल तर काश्यप म्हणावें. तिथि आठवत नसेल तर अमावास्या धरावी. मनुष्य परदेशीं गेला, वर्षानुवर्षें त्याची वार्ताच आली नाहीं आणि देहहि हातीं लागला नाहीं, तर पळसाच्या पानांच्या ३६० देंठांची मनुष्याकृति करून तिला अग्नि द्यावा. यास पालाशविधि म्हणतात. बापाचें नांवसुद्धां ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं एक पर्यायी नांव शास्त्रकारांनीं देऊन ठेविलें आहे. देह हरवेल, दिवस हरवेल, गोत्र हरवेल, या सर्वांस त्यांनीं वाट काढून ठेविली; परंतु मृताला नांवावांचून हांक मारण्याची कल्पना त्यांस सोसली नाहीं.

महाभारताच्या स्त्रीपर्वांत याच अर्थाचा एक प्रसंग आहे. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र युधिष्ठिरास मेलेल्यांची संख्या विचारतो, आणि युधिष्ठिर ती कोटींच्या हिशेबानें सांगतो. पण संख्या सांगून त्याचें काम संपत नाहीं. जे दूरदूरच्या देशांहून आले होते, ज्यांच्यामागें रडावयास कोणी नव्हतें, त्यांचेंहि दहन यथाविधि व्हावें म्हणून तो विदुर, संजय, धौम्य आदिकरून मंडळींस कामास लावतो. मग सारे गंगेच्या कांठीं उदकदानास जमतात, आणि तेथें कुंतीच्या तोंडून इतकीं वर्षें दडविलेलें एक नांव बाहेर पडतें. ज्यास तुम्ही शत्रु म्हणून मारलेंत तो कर्ण तुमचा वडील भाऊ. त्यासहि पाणी द्या, असें ती मुलांस सांगते. कोटींच्या संख्येनें जो युधिष्ठिर डगमगला नाहीं, तो या एका नांवानें कोसळला. संख्या कानांनीं ऐकतां येते. शोक करावयास नांव लागतें.

आतां आपल्या काळाजवळच्या एका युद्धाकडे वळूं. १९१४ ते १९१८ या वर्षांतील पहिल्या महायुद्धांत तेव्हांच्या अखंड हिंदुस्थानांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं, आणि त्यांपैकीं सुमारें ७४ हजार परत आलीं नाहींत. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली, पॅलेस्टाईन अशीं अनेक रणक्षेत्रें होतीं. परंतु महाराष्ट्राचा निकटचा संबंध आला तो मेसोपोटेमियाशीं, म्हणजे आजच्या इराकशीं. १९१४ च्या नोव्हेंबरांत बसरा बंदर घेणारी सेना ही हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन होती, आणि तिचें नांवच ‘पुणे डिव्हिजन’ असें होतें. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी तींत होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणें, नगर या जिल्ह्यांतील डोंगराळ, कोरडवाहू गांवांतून आलेले हे लोक होते. घरची जमीन चार भावांस पुरेशी नाहीं, म्हणून एकानें पलटणींत जावयाचें, हा त्या गांवांचा पिढीजात रिवाज होता.

ही सेना तैग्रिस नदीच्या कांठानें बगदादकडे चालून गेली. १९१५ च्या नोव्हेंबरांत सलमान पाक येथें मोठी लढाई होऊन तिला मागें हटावें लागलें, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून ती कुत-अल-अमारा या गांवांत वेढली गेली. वेढा जवळजवळ पांच महिने चालला. धान्य संपत आलें, तसें जवाचें पीठ मापानें मिळूं लागलें. घोडे मारून खाण्याची वेळ आली, तेव्हां हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं तें मांस खाण्याचें कित्येक आठवडे नाकारलें; हिंदुस्थानांतून धर्मपंडितांची व मौलवींची अनुज्ञा मागवून त्यांस कळविण्यांत आली, तरीहि अनेकांचें मन वळेना. त्यांच्यांत अशक्तपणा व रक्तपितीसारखे हिरड्यांचे रोग पसरले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३ हजार माणसें तुर्कांच्या स्वाधीन झालीं, आणि त्यांत बहुसंख्य हिंदी होते. पुढें त्यांस वाळवंटांतून उत्तरेस चालवीत नेलें, रेल्वेच्या कामावर जुंपलें, आणि त्यांतले किती तरी वाटेवर व छावण्यांत संपले. पुण्याचें नांव धारण करणाऱ्या सेनेची ही कथा पुण्याच्या शाळांतून किती मुलांस ठाऊक आहे, हें वाचकांनींच आपल्या घरीं विचारून पाहावें.

हें झालें जमिनीवरचें. मुंबईस मशीद बंदराजवळ खलाशांच्या गृहांत एक छत्री आहे. पहिल्या महायुद्धांत जहाजांबरोबर बुडालेल्या, समुद्रावांचून ज्यांस दुसरें थडगें नाहीं अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचें तें स्मारक आहे. बंदराकडे जाणारे हजारों लोक रोज तिच्या आसपासून जातात, पण तिची माहिती असलेला मनुष्य क्वचित भेटतो.

युद्ध चालू असतांनाच, १९१७ सालीं, ब्रिटिश साम्राज्यानें युद्धांतील मृतांच्या थडग्यांची व स्मारकांची व्यवस्था पाहण्यासाठीं एक आयोग नेमला. त्याचें तत्त्व मोठें उदात्त होतें. सेनापति असो वा शिपाई, गोरा असो वा काळा, प्रत्येक मृताचें स्मरण त्याच्या नांवानें व्हावें. पद, वंश, धर्म यांवरून भेद करूं नये. फ्रान्समध्यें न्यू शापेल येथें १९२७ च्या ऑक्टोबरांत जें हिंदी स्मारक उभें राहिलें, त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. दिल्लीच्या ‘इंडिया गेट’वरहि १३ हजारांहून अधिक नांवें आहेत. येथपर्यंत तत्त्व पाळलें गेलें, असें कोणासहि वाटेल.

परंतु बसऱ्याचें स्मारक पाहा. मेसोपोटेमियांत मरण पावलेल्या आणि ज्यांचीं थडगीं सांपडलीं नाहींत अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठीं तें उभारलें, आणि १९२९ सालीं त्याचें उद्घाटन झालें. त्याच्या शिलांवर इंग्रज शिपायांचीं नांवें कोरलीं. हिंदी अधिकाऱ्यांचींहि कोरलीं. पण साध्या हिंदी शिपायांचीं नांवें कोरलीं नाहींत. अमुक पलटण, इतके शिपाई, असे केवळ आंकडे तेथें घातले. आपल्या सातारा-रत्नागिरीचे बहुतेक मृत यांतच आले. पुढें १९९७ सालीं इराक सरकारच्या हुकुमानें तें सबंध स्मारक मूळ जागेवरून उचलून बसऱ्याबाहेर वाळवंटांत नेऊन ठेवलें. नांवांचा पत्ता नव्हताच. आंकड्यांचाहि पत्ता बदलला.

याच संस्थेनें नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ च्या एप्रिलमध्यें प्रसिद्ध झाला. आशिया व आफ्रिका खंडांतील ४५ ते ५४ हजार मृतांचें स्मरण इतरांहून कमी दर्जाचें झालें, आणि निदान १ लक्ष १६ हजार, कदाचित् साडेतीन लक्षांपर्यंत लोकांचें नांवानिशीं किंवा मुळींच स्मरण झालें नाहीं, असें त्यांत स्वच्छ शब्दांत कबूल केलें आहे. ब्रिटिश पार्लमेंटांत त्याबद्दल क्षमायाचनाहि झाली. शंभर वर्षांनीं का होईना, हें झालें तें योग्यच झालें. परंतु दुसऱ्याच्या कबुलीनें आपलें काम होत नाहीं. ज्या शिपायाचें नांव परक्यानें कोरलें नाहीं, तें त्याच्या स्वतःच्या देशानें, जिल्ह्यानें, गांवानें तरी जपलें काय?

आपल्या खेड्यांतून चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतींत बसविलेली एक लहानशी संगमरवरी पाटी कधीं कधीं दिसते. या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतके कामीं आले, एवढाच तिचा मजकूर. तीहि सरकारनेंच बसविलेली, आणि तिच्यावरहि पुन्हां आंकडाच. सातारा तालुक्यांतील अपशिंगें गांव असें आहे कीं, त्यास लोक ‘अपशिंगें मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धांत आपले ४६ जवान कामीं आले, असें तो गांव अभिमानानें सांगतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या सैन्यांत माणसें धाडून त्यानें ती आठवण जिवंत ठेविली आहे. बाकीच्या गांवांतून पाटीवर चुन्याचे हात बसले, अक्षरें बुजलीं, आणि तो आंकडा कोणाकोणाचा, हें सांगणारीं म्हातारीं माणसें एकामागून एक निघून गेलीं.

आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना खेड्याकडील एका विद्यार्थ्यानें घरांतलें एक रुप्याचें पदक वर्गांत दाखवावयास आणलें होतें. घरीं त्यास ‘बसऱ्याच्या पणजोबांचा रुपया’ म्हणत. पणजोबांचें नांव काय, असें विचारलें तर मुलास सांगतां येईना, आणि त्याच्या वडिलांसहि नक्की ठाऊक नव्हतें. त्या काळच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं बारीक इंग्रजी अक्षरांत उठविलेलीं असतात. भिंग आणून आम्हीं तीं अक्षरें वर्गासमक्ष लावलीं, तों निघालेलें नांव त्या मुलाचेंच होतें. पणजोबांचें नांव पणतूस ठेवण्याची आपली रीत त्या घरानें इमानानें पाळली होती. फक्त तें कोणाचें, याचा मधल्या दोन पिढ्यांत विसर पडला होता. अशीं पदकें रुप्याच्या भावानें सोनाराकडे जाऊन आटलीं, हें आपणांस ठाऊक आहेच. एकेका पदकाबरोबर कडेवरचें नांवहि मुशींत गेलें.

येथें दोन आक्षेप येतात, आणि ते आपल्याच माजघरांतून येतात, म्हणून त्यांस उत्तर देणें अवश्य आहे.

पहिला आक्षेप घरांतील तरुण मंडळींचा. ते म्हणतात, हें युद्ध परक्या राज्यकर्त्यांचें. त्यांच्या पगारासाठीं लढलेल्यांचा मान आपण कां राखावा? आक्षेप पोकळ नाहीं. १९१८ च्या जूनमध्यें मुंबईस गव्हर्नरांनीं भरविलेल्या युद्धपरिषदेंत लोकमान्य टिळकांनीं स्वराज्याचा विषय काढतांच त्यांस बोलूं दिलें नाहीं, आणि लोकमान्य सभा सोडून बाहेर पडले. युद्ध संपल्यावर बक्षीस काय मिळालें, तर १९१९ चा रौलट कायदा आणि त्याच वर्षीं जालियनवाला बागेंतील हत्याकांड. तेव्हां युद्धाचा जयजयकार करा, असें आम्हीहि म्हणत नाहीं.

परंतु युद्धाचा गौरव आणि योद्ध्याचें स्मरण या दोन गोष्टी आपल्या परंपरेनें कधींच एक मानल्या नाहींत. माघ शुद्ध अष्टमीस भीष्माचें तर्पण करावें, असें शास्त्र आहे. तें करणारांपैकीं भीष्माच्या कुळांतला कोणी नसतो. तो निपुत्रिक, म्हणून साऱ्या देशानें त्याचें पुत्रत्व पतकरलें, आणि वैयाघ्रपद हें त्याचें गोत्र आपण आजतागाईत उच्चारितों. हा भीष्म कोणाच्या बाजूनें लढला? कौरवांच्या. त्यांची बाजू अन्यायाची आहे, हें तो स्वतः जाणत होता; खाल्ल्या अन्नाला जागून तो लढला आणि पडला. त्या बाजूला कोणी पाणी देत नाहीं. भीष्माला सर्वजण देतात. कुतच्या वेढ्यांत भुकेनें खंगत असतांहि दिलेली जागा न सोडणारा शिपाई कोणत्या राज्यकर्त्यानें तेथें धाडला, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो इतिहासाच्या पुस्तकांत निर्भीडपणें लिहावा. त्या शिपायाचें नांव काय आणि तो कोणत्या माउलीचा, हा प्रश्न निराळा आहे. त्याचें उत्तर ठेवण्याची जबाबदारी आपली.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, पण तो अधिक खोल आहे. जे गेले ते बहुतेक मराठे, महार, मुसलमान, कोंकणांतले दर्यावर्दी. आपल्यांतले त्यांत कितीसे होते? ही भावना मनांत असते म्हणूनच चतुर्दशी आपणांस परकी वाटते. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तांत आपण मोठ्या श्रमानें छापले. कोण मामलेदार झाला, कोणीं वकिली केली, कोणाचा विवाह कोणत्या घरीं झाला, हें दहा-बारा पिढ्यांपर्यंत आपणांस सांगतां येतें. लिहितां येणाऱ्यांनीं स्वतःचीं नांवें लिहून ठेविलीं. ज्यांस लिहितां येत नव्हतें, त्यांचीं कोणीं लिहिलीं? पलटणींतून आलेलें पत्र गांवांत वाचून दाखविणारा मास्तर किंवा कुळकर्णी बहुधा आपल्यांतलाच असे. मृत्यूची खबर देणारा सरकारी कागद घरच्या बायकांस प्रथम त्यानेंच वाचून दाखविला. त्या दुःखाचे आपण साक्षी होतों, एवढें नातें पुरेसें आहे.

महार बंधूंची कथा तर आपणांस खालीं मान घालावयास लावणारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची सैन्यभरती बंद केली गेली होती. १९१७ सालीं माणसांची निकड लागली तेव्हां ‘१११ महार’ नांवाची पलटण उभारली, आणि युद्ध सरल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडून टाकली. गरजेपुरतें दार उघडलें आणि गरज सरतांच लावून घेतलें. १९४१ च्या ऑक्टोबरांत बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत तें बंदच होतें. छातीवर पदक लावून जो शिपाई स्वतःच्या गांवीं परतला, त्यास गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती. त्या विहिरी इंग्रजांच्या नव्हत्या. बसऱ्याच्या शिलेवरील आंकड्याबद्दल इंग्रजांस बोल लावतांना एवढें आपण ध्यानांत ठेवावें.

घरांतील स्त्रियांस या कामीं काय करतां येईल, याचें एक उदाहरण बंगाल्यांतलें आहे. कल्याणकुमार मुखर्जी नांवाचे तरुण डॉक्टर हिंदी वैद्यकीय खात्यांतून मेसोपोटेमियांत गेले. कुतच्या वेढ्यांत ते सांपडले, कैद झाले, आणि १९१७ सालीं रास-अल-ऐन येथील कैद्यांच्या छावणींत त्यांचा अंत झाला. त्यांची वृद्ध आजी मोक्षदादेवी मागें राहिली होती. नातवानें घरीं धाडलेलीं पत्रें तिनें जपलीं, त्याचें चरित्र स्वतः लिहिलें, आणि १९२८ सालीं ‘कल्याण-प्रदीप’ या नांवानें तें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या युद्धाविषयीं हिंदी माणसाच्या हातची जी थोडी माहिती आज इतिहासकारांच्या उपयोगी पडते, तींत या आजीच्या पुस्तकाची गणना होते. कोणत्याहि सरकारनें तिला हें सांगितलें नव्हतें. कुंतीप्रमाणें तिनें नांव घेतलें, एवढेंच. आणि कुंतीप्रमाणें उशीर लावला नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं स्मारकांची रीत पुष्कळ सुधारली. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींतले, १० जुलै १९४४ रोजीं इटलींत तायबर नदीच्या खोऱ्यांत कामीं आले. त्यांच्या तुकडींतील सारे सोबती मारले गेले किंवा जखमी होऊन पडले, तेव्हां त्यांनीं एकट्यानें शत्रूच्या मशिनगनवर चाल करून ती निकामी केली, आणि नंतर गोळी लागून ते पडले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचें थडगें नाहीं. इटलींतील कासिनो येथील स्मारकावर नांव मात्र आहे. त्याच रणभूमीजवळ माँतोने गांवच्या लोकांनीं २०२३ च्या जुलैमध्यें त्यांच्या नांवानें एक सूर्यघटिकायंत्र उभारलें. ज्या गांवाशीं या माणसाचें रक्ताचें, भाषेचें किंवा धर्माचें नातें नाहीं, त्यानें ऐंशी वर्षांनंतरहि नांवानिशीं त्याची आठवण ठेवावी, ही गोष्ट आम्हांस भीष्मतर्पणाच्याच जातीची वाटते. स्वतंत्र भारतानेंहि १९४७ नंतर पडलेल्या आपल्या २५ हजारांहून अधिक जवानांचीं नांवें दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकांत एकेका शिळेवर कोरलीं आहेत. २५ फेब्रुवारी १९१९ नव्हे, २०१९ हा त्याच्या उद्घाटनाचा दिवस. मध्यें शंभर वर्षें गेलीं, हें ध्यानांत यावें म्हणून आम्ही तीं दोन्ही सालें शेजारीं मांडलीं.

आतां घरीं करावयाच्या गोष्टी सांगतों. त्यांस खर्च नाहीं.

घरांत किंवा आजोळीं कोणाचें पदक, पेन्शनचा कागद, पलटणीच्या गणवेषांतला फोटो असेल, तर तो बाहेर काढावा. पदकाची कडा भिंगानें वाचून नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं उतरून घ्यावीं. पदक घासून लखलखीत करूं नये, अक्षरें झिजतात. फोटोच्या पाठीमागें पेन्सिलीनें नांव लिहावें. ज्या म्हाताऱ्या माणसांस कांहीं आठवत असेल त्यांच्याजवळ मुलांस बसवून तें लिहून घ्यावें, आणि तें सणासुदीची वाट न पाहतां याच पंधरवड्यांत करावें.

बसऱ्याच्या शिलेवर जीं नांवें कोरलीं नाहींत, तीं कागदावर नोंदलेलीं होतीं. त्या नोंदी आतां त्या आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासहि फुकट पाहतां येतात. पुष्कळ नोंदींत बापाचें किंवा पत्नीचें नांव, गांव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. मात्र आपलीं नांवें इंग्रज कारकुनांनीं कानास वाटलीं तशीं लिहिलीं आहेत. एकच लक्ष्मण तीनचार तऱ्हांनीं सांपडतो, आणि गांवांचीं नांवें तर ओळखूंच येत नाहींत. येथेंच शिकलेल्या घरांचा उपयोग आहे. आपल्या मुलांनीं एका सुटींत एक गांव घ्यावें, तेथील चावडीवरची पाटी वाचावी, तिच्यावरील आंकड्याइतकीं नांवें त्या नोंदींतून हुडकावीं, आणि शुद्ध मराठींत, देवनागरी अक्षरांत लिहून त्या गांवच्या ग्रामपंचायतीस व शाळेस नेऊन द्यावीं. पंजाबांतील सुमारें ३ लक्ष २० हजार शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयांत पडून होत्या. २०२१ पासून त्या जगापुढें येऊं लागतांच इंग्लंडांत स्थायिक झालेल्या कुटुंबांस आपल्या पणजोबांचीं गांवें व पलटणी सांपडूं लागल्या. चिकाटीनें शोधलें तर सांपडतें, याचा हा पुरावा आहे.

आणि शेवटचें, धर्मकृत्याचें. चतुर्दशीस ज्यांच्या घरीं श्राद्ध नाहीं त्यांनीं नवें श्राद्ध सुरू करावें, असा आमचा आग्रह नाहीं. तो अधिकार ज्याच्या त्याच्या घरचा. पण त्या दिवशीं सायंकाळीं देवापुढें दिवा लागल्यावर, शुभंकरोति झाल्यावर, घरच्या किंवा गांवच्या एका तरी शिपायाचें नांव मुलांच्या कानांवर घालावें: पूर्ण नांव, त्याचें गांव, तो कोठें पडला तें ठिकाण आणि तें साल. एका वर्षीं एक नांव पुरे. दहा वर्षांत दहा होतील; आणि घरांतील मूल मोठें होईल तेव्हां, ‘इतके गेले, इतके कामीं आले’ ही भिंतींतली पाटी त्याला अपुरी वाटूं लागेल.